एकशे साठ अक्षरं, सत्तर अक्षरं आणि आपलं गिऱ्हाईक

मंडळी, पाऊस उघडीप देत नाही, रानात वाफसा नाही, त्यामुळे आज पिकाची नोंद नाही. परवा गटाच्या बैठकीत एक तरुण पोरगा म्हणाला, "ग्राहकाला मेसेज टाकून माल विकायचं हे सगळं कोरोनात सुरू झालं." असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ही गोष्ट चांगली तीस वर्षं जुनी आहे आणि तिच्यातला बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोंद लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी फोन नव्हता तेव्हाचं. माल ट्रकमध्ये चढवला की शेतकऱ्याचं त्याच्यावरचं लक्ष संपायचं. मुंबईला, पुण्याला काय भाव निघाला ते कळायचं पट्टी आल्यावर, आणि पट्टी यायची टपालाने नाहीतर ट्रकवाल्याच्या खिशातून. आकाशवाणीवर संध्याकाळी बाजारभाव सांगायचे, पण ते आजचे भाव, आपला माल उद्याचा. फारच घाई असली तर तार. (ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.) या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. बातमी यायची ती बाजाराकडून शेताकडे. शेताकडून खाणाऱ्याच्या घरापर्यंत एक शब्दही जायचा नाही. खाणाऱ्याला शेतकरी माहीत नाही, शेतकऱ्याला खाणारा माहीत नाही. दोघांना ओळखणारे लोक मधे होते आणि त्यांचा धंदा त्या ओळखीवरच चालायचा.

आता मेसेजकडे येऊ. १९८५ च्या सुमारास फ्रिडहेल्म हिलेब्रांड नावाचे जर्मन इंजिनिअर युरोपातल्या मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या मंडळींत काम करत होते. फोनवरून छोटा मजकूर पाठवायचा तर तो किती लांब असावा, हा प्रश्न होता. त्यांनी बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप केली आणि अक्षरं, आकडे, मोकळ्या जागा सगळं मोजलं. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. पोस्टकार्डावर लोक किती लिहितात तेही पाहिलं, तिथेही साधारण तेवढंच. झालं, १६० चा आकडा ठरला. आपल्याकडे पोस्टकार्डावर 'सर्व क्षेम' कळवणाऱ्या पिढीला हे पटेल. कामाचं बोलायला माणसाला जास्त जागा लागत नाही.

दुसरी गंमत अशी की मेसेजसाठी कंपनीने वेगळा रस्ता बांधलाच नाही. फोनची घंटी वाजवायला, फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते कळायला एक छोटी वाट आधीच होती. ती बराच वेळ रिकामी असायची. त्या रिकाम्या वाटेवरून हे मेसेज सोडले. म्हणजे पाटाला पाणी सुटलेलंच आहे, कडेच्या बांधावर चार तुरी टोकल्या, असा प्रकार. पण पुढे कितीतरी वर्षं एका मेसेजला रुपया-दीड रुपया आपण मोजला, आणि दिवाळी, नववर्षाला तर पॅक मारलेला असला तरी वेगळे पैसे कापायचे, ते विसरू नका.

पहिला मेसेज गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विसना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. त्याही कॉम्प्युटरवरून, कारण तेव्हाच्या फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती. जार्विस तो वाचू शकले, पण फोनवरून उत्तर देऊ शकले नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची पंधरा-वीस वर्षं शेतकऱ्याच्या बाबतीत असंच चाललं. मेसेज येत होते, आणि उत्तर द्यायची वाट नव्हती.

आपल्या देशात मोबाइलवरचं पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ ला, कलकत्त्यातून ज्योती बसू आणि दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात. तेव्हा करणाऱ्याला पैसे पडायचे आणि उचलणाऱ्यालाही. शेतकऱ्याच्या हातात फोन यायला २००३ उजाडलं. त्या वर्षी इनकमिंग फुकट झालं, रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन देण्याची 'मान्सून हंगामा' योजना काढली आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला. रात्रपाळीची वीज, विहिरीवर मोटर चालू करायला जायचं, हातात टॉर्च आणि फोन एकातच. कुठल्या कंपनीने शेतकऱ्याचा इतका विचार केला असेल असं मला वाटत नाही, जमून गेलं एवढंच.

आता विक्रीसाठी मेसेजचा उपयोग पहिल्यांदा कुणाला सुचला? आपल्याला नाही. टीव्हीवाल्यांना. २००४-०५ च्या 'इंडियन आयडॉल'ला लोकांनी घरबसल्या मेसेज पाठवून मतं दिली आणि आपला अभिजीत सावंत निवडून आला. पुढे मराठी 'सारेगमप'ला गावोगाव लोक वर्गणी काढून आपल्या गायकाला मेसेज करायचे. त्यात कंपन्यांनी एक गोष्ट ओळखली. मेसेज पाठवणारा माणूस नुसता बघ्या राहत नाही. त्याचा त्यात जीव गुंततो. आणि त्याहून महत्त्वाचं, त्याचा नंबर आपल्याकडे येतो.

ज्यांच्याकडे मेसेजलाही पैसे नाहीत त्यांच्यासाठी मिस्ड कॉल होता. हा शोध कुठल्या कंपनीचा नाही, तुमचा-माझा आहे. "पोचलो की मिस कॉल देतो." २०१३ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये यावर 'कान खजुरा तेशन' काढलं. एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून उलट फोन येणार आणि पंधरा मिनिटं गाणी, विनोद ऐकवणार, मधेमधे साबण-शाम्पूच्या जाहिराती. जिथे वीज नाही, पेपर पोचत नाही, त्या गावातल्या गिऱ्हाईकापर्यंत कंपनी पोचली. त्याला पुढच्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात बक्षिसंही मिळाली. साबण विकणाऱ्यांना जे जमलं ते भाजी विकणाऱ्यांना का जमलं नाही, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पुढे येतं.

शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज यायला लागले ते २००७ पासून. 'रॉयटर्स' ही जगभरच्या शेअर बाजाराच्या बातम्या विकणारी कंपनी. तिने 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवा ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू केली आणि त्यासाठी निवडला महाराष्ट्र. पैसे भरायचे, कार्ड खरवडायचं, आपलं पीक आणि आपल्या बाजारपेठा कळवायच्या. मग रोज मराठीत मेसेज: अमुक बाजार समितीत आवक किती, भाव काय, पावसाचा अंदाज, पिकाचा सल्ला. ही कार्डं पोस्टातही विकायला होती. २००९ मध्ये नोकियाने 'लाइफ टूल्स' आणलं, त्याचीही आधीची चाचणी महाराष्ट्रातच झाली होती. साधी माहिती महिना ३० रुपये, बाजारभावासकट शेतीची ६० रुपये. त्याआधी २००४ पासून सरकारचं किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, चालू होतंच. इफ्कोने एअरटेलबरोबर आवाजी निरोप सुरू केले, कारण वाचता न येणाऱ्याला मेसेजचा काय उपयोग. जुलै २०१३ मध्ये केंद्राचं 'एम-किसान' आलं आणि कृषी खातं, विद्यापीठं, केव्हीके यांचे सल्ले फुकट यायला लागले. बिचाऱ्या पोस्टातल्या कार्डाला मग कोण विचारतो.

इथे जरा थांबू, कारण कृषी सहायक आणि विद्यापीठातले मित्र ही पोस्ट वाचतात आणि त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे.

मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या रॉयटर्सच्या सेवेची नीट चाचणी घेतली. आपण प्लॉटवर ट्रायल घेतो तशीच. महाराष्ट्रातली १०० गावं निवडली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना सेवा वर्षभर फुकट दिली, काही गावं कंट्रोल म्हणून ठेवली, कुठलं गाव कुठे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन अशी पिकं. २०१२ मध्ये निकाल छापून आला. मेसेज मिळणाऱ्यांना जास्त भाव मिळाला का? सरासरीने नाही. पावसाने होणारं नुकसान कमी झालं का? नाही. वाण किंवा पद्धत बदलली का? तेही दखल घेण्याइतकं नाही. काही शेतकऱ्यांनी बाजार बदलला, काहींनी माल प्रतवारी करून नेला, पण परिणाम थोडा.

हे वाचून बरेच जण म्हणतात, म्हणजे माहितीचा उपयोग नाही. मला तसं वाटत नाही. याच्या शेजारी दोन दुसऱ्या नोंदी ठेवून बघा.

केरळात १९९७ ते २००१ मध्ये कोळीकोड, कण्णूर, कासरगोडच्या किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर आले. रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या तारली मासळीच्या बाजाराचा हिशेब मांडला. आधी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागायची आणि पंधरा किलोमीटरवर दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. फोन आल्यावर होडी समुद्रातूनच विचारायची, कुठे भाव आहे, आणि तिकडे वळायची. मासळी वाया जाणं जवळजवळ थांबलं, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. ते बोलणं होतं, मेसेज नव्हता, पण मुद्दा तोच.

दुसरं मध्य प्रदेशातलं. आयटीसीने २००० पासून सोयाबीनसाठी गावागावात ई-चौपाल बसवले. तिथे मंडईचा भाव कळायचा, आणि हवं असेल तर कंपनी स्वतः माल घ्यायची. अपराजिता गोयल यांनी त्याचा अभ्यास केला. शेतकऱ्याला मंडईतलाच भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढून मिळाला. आकडा छोटा वाटतो, पण क्विंटलमागे मोजा.

आता तिन्ही एकत्र बघा. होडीला दुसरं बंदर होतं. सोयाबीनवाल्याला दुसरा गिऱ्हाईक होता. आपल्या टोमॅटोवाल्याला मात्र मेसेजमध्ये वाशीचा भाव दिसायचा, पण क्रेट त्याच अडत्याकडे जायचे, कारण लागवडीला उचल त्याची घेतलेली, गाडी ठरलेली आणि माल तोडल्यावर दोन दिवस थांबणारा नाही. भाव माहीत होऊन रात्रीची झोप उडाली, एवढंच. सोयाबीनवाला अडून बसू शकतो, टोमॅटोवाला नाही. म्हणून कुठलीही नवी माहिती-सेवा आली की मी एकच गोष्ट विचारतो: हे कळल्यावर शेतकरी दुसरीकडे जाऊ शकतो का?

आणि इथेच उलट्या दिशेचा मेसेज येतो. शेतकऱ्याने खाणाऱ्याला पाठवलेला.

याची सुरुवात अमक्या दिवशी झाली असं सांगता येणार नाही, कारण ती कुठल्या योजनेने झाली नाही. कोकणातले आंबेवाले, सेंद्रिय गूळवाले, हुरडा पार्टीवाले, इंद्रायणी तांदूळवाले यांच्याकडे एक वही असायची. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, पुढे फोन नंबर. हंगाम आला की एकेकाला फोन. फोनला वेळ जातो, समोरचा ऑफिसात असतो, म्हणून मग मेसेज. नव्या तंत्रज्ञानाने काय केलं, तर वहीला पाय फुटले.

पण इथे एक अडचण होती, तिची चर्चा फारशी कुणी केली नाही. मराठीची.

वर सांगितलेली १६० अक्षरं ही इंग्रजीची. मेसेजचं पोतं १४० बाइटचं, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीचं अक्षर युनिकोडमध्ये १६ बिट खातं. पोतं तेवढंच, दाणा मोठा. भागाकार करा, ७० येतात. त्यातही आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते फोन एक धरत नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला मोडलेला पायही वेगळा. 'द्राक्षे' हा डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द फोनच्या हिशेबाने आठ जागा घेतो.

हा मेसेज बघा: "नमस्कार. हापूस तयार. ५ डझन पेटी. गुरुवारी सकाळी कोथरूडला गाडी येईल." इथवर ६७ जागा झाल्या. आता पुढे "हवी असल्यास कळवा." एवढंच लिहायचंय, तर बेरीज ८५ होते आणि कंपनी दोन मेसेजचे पैसे लावते. म्हणजे विक्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, गिऱ्हाईकाला उत्तर द्यायला सांगणारं, तेच दुप्पट खर्चाचं! वर बऱ्याच फोनवर देवनागरी उमटायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. त्यामुळे आपण सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकलो. लोक म्हणतात, पोरांनी भाषा बिघडवली. मी म्हणतो पोत्याचं माप चुकीचं होतं.

मग आले नियम. दोष कुणाला द्यायचा नाही, कारण तेव्हा खरंच उच्छाद मांडला होता. दुपारी वामकुक्षीच्या वेळी फ्लॅट घ्या, कर्ज घ्या. ट्रायने २००७ मध्ये 'नको' म्हणणाऱ्यांची यादी सुरू केली, २७ सप्टेंबर २०११ पासून ती कडक केली. १९०९ ला कळवायचं, जाहिराती बंद. रात्री ९ ते सकाळी ९ जाहिरात नाही. पूर्ण बंद नको असेल तर कोणत्या विषयाचे मेसेज चालतील ते निवडायचं. विषय सात: बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहनं, दूरसंचार-मनोरंजन, पर्यटन. शेतमाल कशात? कशातच नाही. ओढूनताणून बसवायचा तर आंबा आणि मोटारगाडी एकाच खणात. खाद्यपदार्थांचा वेगळा खण २०१८ च्या नियमांत आला.

त्याच २०११ मध्ये साध्या सिमवरून दिवसाला १०० च मेसेज अशी मर्यादा घातली, लगेच नोव्हेंबरात ती २०० केली. ऑगस्ट २०१२ मध्ये तर ईशान्येकडच्या लोकांबद्दल अफवा पसरल्या म्हणून देशभर काही दिवस दिवसाला फक्त पाच मेसेज. अफवा थांबायलाच हव्या होत्या. पण तोडलेला माल घेऊन गिऱ्हाइकाला कळवायचं असलेल्या माणसाच्या बाजूने बघा. रस्ता दुसऱ्याचा असला की तो कधी बंद होईल ते आपल्या हातात नसतं.

तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप आलं. अक्षरांचं बंधन नाही, मराठी बिनधास्त, वर फोटो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा फुकटाच्या भावात मिळायला लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला होता, आणि शहरांत संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. या दोन-तीन गोष्टी एकाच वर्षी जुळल्या हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. कायद्याने शहरात माल विकायची मुभा दिली, आठवडे बाजाराने गिऱ्हाईक तोंडओळखीचं केलं आणि फोनने ती ओळख टिकवली. यातलं एक नसतं तर बाकीचे लंगडे पडले असते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक बारीक गोष्ट आहे, ती जाणून घेण्यासारखी. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणजे गिऱ्हाइकाची परवानगी आपोआप घेतली जाते. एखाद्याकडे दोनशे नंबर आहेत आणि मेसेज साठ जणांनाच पोचतोय, तर समजायचं की बाकीच्यांनी आपल्याला लक्षात ठेवलेलं नाही. ग्रुप केला तर सगळ्यांना पोचतं, पण तिथे एकाचा आंबा खराब निघाला की शंभर जण वाचतात. आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या ग्रुपमधून दुसऱ्याच एका व्यापाऱ्याने नंबर उचलले आणि पुढच्या हंगामात त्याच लोकांना कर्नाटकचा आंबा 'कोकणातला' म्हणून खपवला. गिऱ्हाईक मात्र आमच्या मित्रालाच नावं ठेवत राहिलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा द्राक्षं वेलीवर होती, आंबा तोंडावर होता, बाजार समित्या कधी चालू कधी बंद. शहरातल्या सोसायट्यांना भाजी मिळेना. तेव्हा सोसायटीचे ग्रुप आणि शेतकरी गटांचे ग्रुप एकमेकांना जोडले गेले. पणन मंडळ, आत्मा, कृषी सहायक यांनी मधे उभं राहून काम केलं, हे मान्य करायला हवं. यादी यायची: अमुक सोसायटी, इतके फ्लॅट, इतक्या पिशव्या. पैसे आधी मोबाइलवर. आणि ज्यांच्याकडे ती जुनी वही होती ते सगळ्यात आधी उभे राहिले. ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा नंबर गोळा केले त्यांचे बरेच ग्रुप बाजार उघडल्यावर शांत झाले. खालच्या दुकानात सगळं मिळायला लागल्यावर गिऱ्हाईक फक्त भाजीसाठी थांबत नाही, माणसासाठी थांबतं.

तिकडे साध्या मेसेजचा रस्ता आणखी अरुंद होत गेला. ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आता व्यापारी मेसेज पाठवायचा तर आधी कंपनीकडे नोंदणी करायची, त्याला काही हजार रुपये, मग आपलं सहा अक्षरी नाव नोंदवायचं, मग मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये याची कडक तपासणी सुरू केली तर पहिल्याच दिवशी बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले, आठवडाभर ती थांबवावी लागली. फसवणूक रोखायला हे हवंच आहे. पण शेतकऱ्याचा मेसेज रोज बदलतो. आज मेथी आहे, उद्या पावसाने झोपली. मंजूर नमुन्यात तो कसा बसवायचा? साध्या नंबरवरून जाहिरात पाठवली आणि लोकांनी तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो. २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. एकट्या शेतकऱ्याने या भानगडीत पडू नये. शेतकरी उत्पादक कंपनीने मात्र नोंदणी करून ठेवावी. खर्च सभासदांत वाटला तर काहीच नाही, आणि उद्या व्हॉट्सअ‍ॅपने पैसे वाढवले तर दुसरा रस्ता हातात राहतो.

आणि हो, गिऱ्हाइकाचे नंबर आता नुसती वही राहिली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय. नंबर घेताना "हंगामात कळवलं तर चालेल ना?" एवढं विचारून घ्या आणि हो म्हणाला ते लिहून ठेवा. बंद करा म्हणाला की त्याच दिवशी काढा.

भाजी पोचवणाऱ्या ॲप कंपन्या माल घेतात, भावही कधीकधी बरा देतात. पण एक गोष्ट कधीच देत नाहीत, गिऱ्हाइकाचा नंबर. साबणवाल्याने मिस्ड कॉल का मागितला होता ते आठवा. त्याला तेव्हाच कळलं होतं की माल पुन्हा तयार होतो, ओळख होत नाही. भाजीवाल्याला का जमलं नाही, त्याचं उत्तरही हेच. आपण कायम माल मोजून दिला, ओळख मधल्या माणसाकडे ठेवली.

उलटा मेसेज, म्हणजे गिऱ्हाईकाने आपणहून पाठवलेला, त्याचं एक चांगलं उदाहरण देवगडचं. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात देवगडच्या नावाने काय काय खपतं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायचं ठरवलं. गिऱ्हाईकाने त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, तिकडून आंबा कुणाचा, कुठला ते उत्तर येतं. स्टिकर त्या शेतकऱ्याच्या झाडांच्या हिशेबात मोजूनच मिळतात, म्हणजे बागेपेक्षा जास्त आंबे 'पिकवता' येत नाहीत. आंबा कापण्याआधी खाणारा बागेला मेसेज करतो, हे मला फार आवडलं. डाळिंब आणि द्राक्षवाल्यांनी जाऊन बघून यावं, खर्च किती पडतो तेही विचारावं.

२००७-०८ मधलं ते रॉयटर्सचं खरवडायचं कार्ड किंवा तेव्हाचे बाजारभावाचे मेसेज कुणाच्या जुन्या फोनमध्ये शिल्लक असतील तर खाली फोटो टाका. आणि ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांची वही आहे त्यांनी एवढंच सांगा, पहिल्या वर्षीच्या किती जणांनी यंदाही माल घेतला.